टाकीवरची एकवीरा

दुपारी तीनच्या सुमारास घंटी वाजली.

देवघरातलीच, मुठीत मावेल एवढी पितळेची. पण ती वाजायची सकाळी साडेसातला नाहीतर दिवेलागणीला, आणि वाजायची आतल्या खोलीतून. आता ती खालून वाजत होती, पार्किंगमधून. लाइट गेलेली होती, पंखा थांबलेला. सहा वर्षांची लेक पूर्वी गार फरशीवर पालथी झोपलेली. शिलाई मशीनचा दोरा तुटला होता आणि दिपिका तो न ओवता नुसतीच बसली होती. ती किणकिण ऐकून ती उठली.

"आई?" तिने आत डोकावून पाहिलं. सासूची सतरंजी रिकामी होती. देव्हाऱ्यातलं ताम्हणही जागेवर नव्हतं.

दिपिका दोन जिने उतरून खाली आली, तर मालूबाई मोटरसायकलसमोर उभ्या. डोक्यावर पदर, एका हातात ताम्हण, दुसऱ्या हातात घंटी. वॉचमन चपला काढून, हात जोडून बाजूला. आणि आदल्या संध्याकाळी पेंटरच्या टेम्पोतून गोधडीत गुंडाळून आलेली गाडी गोधडीबाहेर होती. "रंग कच्चा हाय, उद्या संध्याकालपरत उघडू नका," असं पेंटर बजावून गेला होता, म्हणून दिपिकाने रात्रभर मन मारून ती उघडली नव्हती. सासूने उघडली होती.

टाकीवर एकवीरा आई होती.

नाव नव्हे, स्टिकर नव्हे. चेहरा. टाकीच्या वरच्या अंगाला, बसणाऱ्याकडे तोंड करून. पेट्रोलच्या झाकणाभोवती मुकुट, दोन्ही बाजूंनी टाकीच्या उतारावर उतरलेले मोकळे केस, नाकात नथ, आणि डोळे असे, की दिपिका डावीकडे सरकली तर तेही डावीकडे सरकले. कपाळावर, बरोब्बर टाकीला पडलेल्या जुन्या पोच्याच्या जागी, रुपयाएवढं कुंकू. मालूबाईंनी त्यावर आणखी खरं कुंकू लावलं होतं.

"बग," मालूबाई मागे न वळता म्हणाल्या, "कशी बगतेय. जित्ती हाय."

"आई, हे कोणी सांगितलं करायला?"

"कोन सांगनार? तिच्या मनात आलं, ती आली."

"अहो, पण मी आता गाडी चालवू कशी?"

मालूबाई वळल्या. सून हे काय विचारते आहे ते त्यांना खरोखरच कळलं नसावं. मग कळलं, आणि त्यांनी घंटी ताम्हणात ठेवली.

"चालवतेस? देवीला मांड्यांमदी घेऊन?"

*

ही गाडी दिपिकाच्या वडिलांची. भगवान हे बेलपाडा गावचे, टेनिस बॉल क्रिकेटमधले नावाजलेले फलंदाज. अठ्ठ्याण्णव साली उरणच्या बाजूला एका स्पर्धेत मॅन ऑफ द सिरीज झाले आणि बक्षीस म्हणून ही टू-स्ट्रोक मोटरसायकल घेऊन, हार गळ्यात ठेवूनच, गावात शिरले. त्यानंतर गावात बक्षिसाच्या गाड्या कितीतरी आल्या, पण पहिली हीच. दिपिकाची अर्धी शाळा या गाडीच्या टाकीवर बसून झाली. बाबांच्या हनुवटीखाली तिचं डोकं, पुढे हॅण्डलच्या मधोमध धरलेले तिचे दोन हात. टाकी गरम व्हायची, चटका बसायचा, पण ती उतरायला तयार नसायची.

पोचा तिनेच पाडलेला. पाच वर्षांची असताना बाबा एकदा तिला न घेता मॅचला निघाले म्हणून तिने त्यांचीच बॅट उचलली आणि टाकीवर घातली. आईने धपाटा घालायला हात उगारला, तर भगवान हसत सुटले. "आरं, पोरीचा शॉट बग की, बरोबर मिडलला बसलाय." पुढे कितीदा गाडी रंगवली, पण पोचा त्यांनी काढू दिला नाही. सतराव्या वर्षी खारघरच्या मोकळ्या रस्त्यांवर त्यांनी तिला गिअर शिकवले तेही याच गाडीवर. तीन वर्षांपूर्वी भगवान गेले. भावाच्या अंगणात गाडी ताडपत्रीखाली गंजत पडली होती. भंगारवाला ती उचलायच्या बेतात होता त्या दिवशी दिपिका नेमकी माहेरी होती. तिने ती टेम्पोत घालून नवीन पनवेलला आणली.

दोन वर्षं लागली. पूर्वी झोपली की, नाहीतर शाळेत गेली की, दिपिका लाइन आळीमागच्या दादूच्या गॅरेजवर जायची. दादू साठीचा, तोंडाने फटकळ, हाताने देवमाणूस. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "चॅसीला हात लावायचा नाय. बाकी काय पायजे ते कर. चॅसी कापली तर आरटीओवाला कागद तोंडावर मारील."

मग ठरलं की गाडी तिच्या मापाची करायची. दिपिका पाच फूट एक इंच. बाबा होते जवळपास सहा फूट. तिने घरून कपडे मापायची टेप नेली. दादूने तिला गाडीवर बसवलं, खाली खडूने रेघा मारल्या. सीट अडीच इंच खाली आली, हॅण्डल चार इंच मागे. मडगार्ड छाटलं. क्लचची मूठ तिच्या बोटांना पुरेल अशी वाकवली. मागे पूर्वीसाठी वेगळी सीट आणि धरायला कडी. सीटचं रेक्झिन तिने स्वतः शिवलं, त्यात मशीनच्या तीन सुया मोडल्या. दादू म्हणायचा, "वैनी, तुमी ब्लाऊज शिवता, मी गाडी शिवतोय. ट्रायलला यायला उशीर करू नका."

रजिस्ट्रेशन नव्याने झालं. कागदावर रंग लिहिला 'क्रीम'. आता फक्त रंग चढवायचा आणि चालवायची. दिपिकाने धर्मराज पेंटरला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. साधा क्रीम रंग, आणि पोचा भरायचा नाही.

धर्मराजने दोन्ही ऐकल्या होत्या. पोचा भरला नव्हता. त्यात कुंकू बसवलं होतं.

*

दिपिकाचा नवरा निकेश पोर्टातून सेकंड शिफ्ट करून आला आणि जिन्याआधी गाडीपाशी थांबला. बराच वेळ बघत राहिला. वर आल्यावर हात धुताना म्हणाला, "काम मात्र भारी केलंय हां. पंपावर गेलीस तर पंपवाला आधी चपला काढेल, मग झाकण उघडेल."

दिपिका हसली नाही. मग हळूच म्हणाला, "आयशी बोलू का मी?"

"काय बोलशील?"

त्याने ओले हात पुसले आणि ताटावर बसला.

सोमवारी टाकीवर दोन जास्वंदी होत्या. मंगळवार तर देवीचाच वार. पहिल्या मजल्यावरच्या सोनाबाई गजरा घेऊन आल्या, समोरच्या बिल्डिंगमधल्या दोघीतिघी मुलांना घेऊन आल्या. वॉचमनने आपल्या खर्चाने उदबत्तीचं घर आणून स्टॅण्डजवळ ठेवलं. कोणीतरी पुढच्या चाकाभोवती रांगोळी काढली. मालूबाई प्लास्टिकची खुर्ची टाकून तिथेच बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगू लागल्या, "यंदा चैत्रात गुडघे दुखत व्हते म्हनून कार्ल्याचा डोंगर चढवला नाय मना. तर तीच आली खाली."

सोसायटीचे सेक्रेटरी ऑफिसला जाता जाता थांबले. त्यांनी नमस्कार केला आणि नमस्कार करता करताच दिपिकाला विचारलं, "वहिनी, हे... पर्मनंट आहे का?"

दिपिका वरच्या खिडकीतून हे सगळं बघायची. तिला एक गोष्ट लख्ख दिसत होती. आज गजरा आहे, उद्या नारळ येईल, परवा कोणी वर पत्र्याची शेड घालेल. दोन वर्षं तिने जे जमवलं होतं ते एका जागी उभं राहील आणि लोक त्याला हात जोडतील. तिच्या संसारात सगळं सगळ्यांचं होतं. भांडी, फ्रीज, स्कूटी, अगदी मशीनसुद्धा, कारण त्यावर शेजाऱ्यांचेच कपडे असायचे. मापाने बनलेली, फक्त तिच्या हातापायांना पुरेल अशी, एवढी एकच वस्तू होती. आणि ती या आठवड्यात रस्त्यावर आली नाही, तर पुढे कधीच येणार नव्हती.

बुधवारी सकाळी पूर्वीला शाळेत सोडून ती तशीच पनवेलच्या तक्का भागात धर्मराजच्या दुकानात गेली.

धर्मराज वर्षभर टेम्पोच्या पाठी आणि नंबरप्लेटी रंगवायचा. गणपतीच्या आधीचे दोन महिने पेणच्या कारखान्यांत जायचा, फक्त मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीसाठी. त्या दोन महिन्यांत तो मासळीला शिवत नसे. दिपिकाला पाहून त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये टाकला आणि उभा राहिला. त्याला वाटलं, ती आभार मानायला आली आहे.

"आवडली ना वैनी? तीन दिवस दुसरं काय हातात घेतलं नाय."

"धर्मराजदादा, मी साधा क्रीम सांगितला होता."

"हो. पन तुमच्या सासूबाय आल्या व्हत्या ना." तो म्हणाला आणि थांबला. "तुमाला ठाव नाय?"

दिपिका तिथल्या स्टुलावर बसली.

"त्या म्हनल्या, मागच्या मडगार्डवर बारीक अक्षरांत आईचं नाव टाक. सून पोरीला घेऊन फिरनार हाय, राखन पायजे. मी नाव टाकायला घेतलं. पन टाकी पुसताना तो पोचा दिसला. मला त्यात कपालच दिसलं, वैनी. खोटं नाय बोलत. कपाल दिसलं तं खाली डोले दिसले. मंग मी थांबू शकलो नाय."

"आता हे काढता येईल का?"

धर्मराजने मान हलवली. नाही म्हणायला त्याला वेळ लागला नाही. "आखलेले डोले मी पुसत नाय. गनपतीच्या कारखान्यात डोला चुकला तं मूर्ती बुडवतो आमी, वर रंग मारत नाय." मग त्याने फळीवरून पॉलिश पेपरचे दोन कागद काढून तिच्या हातात दिले. "तुमची गाडी हाय. तुमी करा. पानी लावून हलक्या हातानं मारा. मी राग नाय धरनार."

*

त्या दुपारी पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. मालूबाई वर पडल्या होत्या. दिपिकाने बादलीत पाणी आणलं, गजरा काढून खुर्चीवर ठेवला, कागद भिजवला. डोळ्यांकडे बघायचं नाही असं ठरवून तिने टाकीच्या उजव्या उतारावरून सुरुवात केली, केसांच्या टोकापासून. एकदा घासलं, दुसऱ्यांदा घासलं. ओल्या कागदावर काळा रंग उतरला. खाली नखाएवढा क्रीम दिसू लागला.

तिचा हात तिथेच थांबला. देवीची भीती वाटली असं म्हणावं तर तसं नव्हतं. रोज पूर्वीची वेणी घालायचे तिचे हात. केस ओढले गेले की पोर "आई, दुखतं" म्हणून ओरडायची. आता ओरडलं कोणीच नाही, आणि तेच तिला सोसवेना. शिवाय केसांकडून वर जात जात कपाळ यायचं, आणि कपाळात पोचा होता. तो घासायचा म्हणजे बाबांच्या हसण्यावर पॉलिश पेपर मारण्यासारखं होतं. तिने बादली मोरीत ओतली, गजरा परत ठेवला, अशा बेताने की नखाएवढी जागा झाकली जाईल.

संध्याकाळी दादू आला तो काखेत दुसरी टाकी घेऊनच. निकेशने त्याला फोन केला होता.

"सोपं हाय," दादू म्हणाला. "याच मॉडेलची हाय, भंगारातून उचलली. एक बोल्ट, दोन रबर. देवी जाईल देव्हाऱ्यात, तुमी जाल रस्त्यावर. दोघी खूश."

मालूबाईंनाही हे पटलं. "हां, असं कर. देव्हाऱ्यात जागा करते मी."

दादूने पंधरा मिनिटांत टाकी बदलली. एकवीरा आई गोधडीवर, गोधडी खुर्चीवर. दिपिका गाडीवर बसली. हॅण्डल मापाचं, सीट मापाची, पाय जमिनीला पुरत होते. तिने टाकीवर तळवा ठेवला. गुळगुळीत. कुठेच काही लागेना.

"कशी हाय?" दादूने विचारलं.

"चांगली आहे. पण दादू, ही दुसऱ्याच कोणाच्या तरी बापाची टाकी आहे."

दादूने डोकं खाजवलं, पान्हा उचलला आणि जुनी टाकी परत बसवली. जाताना एवढंच म्हणाला, "तुमच्या ट्रायलला वैनी, कोनच टेलर पुरनार नाय."

रात्री जेवताना दिपिकाने सासूला विचारलं. आवाज न चढवता, भात वाढता वाढता. "आई, तुम्ही धर्मराजकडे गेला होता."

मालूबाईंचा घास हातातच राहिला. "नाव सांगितलं व्हतं मी. नुसतं नाव. तू पडू नये म्हनून."

"मग जमलंच की. चालवलीच नाही तर पडणार कशी?"

निकेशने पाण्याचा तांब्या उगाच उचलला आणि उगाच खाली ठेवला. मालूबाईंनी घास परत ताटात ठेवला. त्या म्हणाल्या, "केसांशी खरवडलंयस, ते बगितलं मी. गजऱ्याखाली."

दिपिकाची मान खाली गेली.

"मी बोलली का कोनाला?" मालूबाई म्हणाल्या. "नाय बोलली. जेव आता."

*

मालूबाई रोज पहाटे उठायच्या, आणि अंथरुणातून पाय खाली ठेवायच्या आधी वाकून फरशीला हात लावायच्या, तो कपाळाला लावायच्या. जन्मभराची सवय. दिपिकाने लग्न झाल्यापासून ते पाहिलं होतं आणि पाहून न पाहिल्यासारखं झालं होतं. शुक्रवारी शाळेला सुट्टी होती, पूर्वी आजीजवळ झोपली होती. ओट्यापाशी चहा ठेवताना दिपिकाला दोघींचं बोलणं ऐकू आलं.

"आजी, तू रोज लादीला हात का लावते?"

"खाली धरतरी हाय ना बाला. ती आय हाय. पाय लागनार तिला, म्हनून आदी इचाराचं."

"आई आहे तर तिच्यावर पाय कशाला ठेवते?"

"मंग पाय कुटं ठेवू? डोक्यावर चालू?"

पूर्वी खिदळली. आजीही हसली. मग आजीचं हसणं मधेच थांबलं.

दिपिका चहा गाळायची थांबली.

मग मालूबाई बोलू लागल्या, पण नातीशी बोलल्यासारख्या नव्हे. "आमचे मिठागरान दिवालीनंतर वाफे कराचे असाचे. चिखल घट्ट कराला पायांनीच तुडवाचा. धा-धा बाया, कंबरेवर हात ठेवून, एका रांगेन. पयल्या दिवशी सासू नारल फोडाची, आमी समद्या वाकून हात लावाचो. आन मंग दिसभर तिच्यावरच नाचाचो. गानी म्हनत. तुडवल्याबिगर मीठ धरतच नाय ती."

"मग ती रागवायची?"

"क्याला रागवल? इचारलं व्हतं ना."

थोड्या वेळाने मालूबाई बाहेर आल्या. चहा घेतला नाही. पदर खोचला आणि चपला न घालताच जिना उतरून गेल्या. दिपिकाने खिडकीतून पाहिलं. सासू गाडीजवळ गेली, गजरा बाजूला केला, त्या खरवडलेल्या जागेवर दोन बोटं ठेवली. ओठ हलत होते. काय बोलल्या ते वर ऐकू येण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी उदबत्तीचं घर उचललं, हार काढले, सगळं खुर्चीवर रचलं, आणि वर बघून हाक मारली.

"पूर्वीचे आये! हेल्मेट घेऊन ये. पोरीचं पन आन."

*

दिपिकाने आधी हात लावला, मग पाय टाकला. सासूने सांगायची गरज पडली नाही. गुडघे टाकीला लागले, दोन्हीकडे केसांच्या उतारावर. खाली ते डोळे तिच्याकडेच बघत होते, आणि वाटलं होतं तसं काही झालं नाही. पूर्वी शिकवणीची वही पुढे करून "बघ ना" म्हणते, तेव्हा ती जशी बघते, तसंच काहीसं.

सोनाबाई बाल्कनीतून ओरडल्या, "अगं बाई, मालूताई! देवीला पाय लागतायत तिचे!"

"लागू दे!" मालूबाईंनी खालूनच आवाज लावला. "इचारलंय आमी. तू सकाली उठतीस तवा इचारतीस का?"

सोनाबाईंनी बाल्कनीतूनच हात जोडले.

पहिल्या किकला गाडी सुरू झाली नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या किकला टू-स्ट्रोकचा तो ओळखीचा, पत्र्याचा डबा हलवल्यासारखा आवाज आला आणि पार्किंगभर निळसर धूर पसरला. बेलपाड्याच्या अंगणाचा वास होता तो. दिपिकाने हेल्मेटची काच खाली ओढली. डोळे पुसायला दोन्ही हात मोकळे नव्हते, त्यामुळे ते तसेच राहू दिले.

गाडी आधी गावदेवीला न्यायची हे उघडच होतं. मालूबाईंचं सासरचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. गाव उठलं तशी गावदेवीही उठली, आता ती उलव्याच्या बाजूला नव्या देवळात आहे. तेव्हा पुढे दिपिका आणि मागच्या सीटवर, कडी घट्ट धरून, पूर्वी. त्यांच्या मागे स्कूटीवर निकेश आणि मालूबाई. पनवेल ओलांडलं, करंजाडं गेलं. डंपरच्या धुळीत दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा. प्रत्येक धक्क्याला पूर्वी हेल्मेटातून काहीतरी ओरडायची आणि तिला त्यातलं फक्त "आई" एवढंच कळायचं. तिने टाकीवर तळवा ठेवून पाहिला. पोचा हाताला लागला. गरम होता.

उलव्याच्या अलीकडे एका वळणावर मागून स्कूटीचा हॉर्न वाजला. सासूला थांबायचं होतं.

रस्त्याच्या कडेला लांबच लांब पत्र्याचं कुंपण, पलीकडे भराव टाकून दोन माणसं उंच केलेली जमीन. वरून एक विमान चाकं बाहेर काढून खाली येत होतं. मालूबाई स्कूटीवरून उतरल्या, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कुंपणाचा एक पत्रा वाकलेला होता, त्यातून आतलं दिसत होतं.

"त्या तितं," त्यांनी बोट केलं. "तो पिवला रोलर हाय ना, तितं आमचं मिठाचं आगर. त्याच्या पलीकडे सासू बसाची, पाटी मोजत."

"आय, अंदाजे सांगतेस," निकेश म्हणाला. "आता काय कळतंय."

"आपलं घर अंदाजानं सांगतंय का कोन?"

त्या वाकल्या, कुंपणाखालून बाहेर आलेल्या लाल मुरमाला त्यांनी हात लावला. हात कपाळापर्यंत नेला, मग थांबून बोटांकडे पाहिलं. "ही आमची नाय," त्या म्हणाल्या. "भायरून आनलीय." तरी कपाळाला लावली.

पूर्वी गाडीवरून उतरली होती. हेल्मेट काढून काखेत धरलेलं, वेणी सुटलेली. ती आजीच्या बाजूला गेली, आजीसारखीच वाकली, मातीला हात लावला, आणि वाकलेल्या पत्र्यातून आत बघू लागली. आत रोलर संथपणे पुढे जात होता, तेवढ्याच संथपणे मागे येत होता. केबिनमधल्या माणसाने ऊन लागू नये म्हणून डोक्याला टॉवेल बांधला होता. जमीन थरथरत होती, ते इथपर्यंत तळपायांना कळत होतं.

पूर्वी बराच वेळ बघत राहिली. मग मागे आली, आईच्या ओढणीला धरून उभी राहिली.

"आई, हा एवढा मोठा रोलर धरतरीवर नेला, त्याच्या आधी त्यांनी तिला विचारलं असेल ना?"

दिपिकाने गाडीच्या टाकीकडे पाहिलं, मग सासूकडे. सासू दुसरीकडे बघत होती.

"सांग ना," पूर्वीने ओढणी ओढली. "मग ती काय म्हणाली?"